यकृत नवे, मूत्रपिंड जुने: प्रत्यारोपणाच्या इतिहासातील एक प्रकरण

मध्यंतरी जबलपूरच्या रस्त्यांवरील वाहतूक काही काळ थांबवून 'ग्रीन कॉरिडॉर' आखण्यात आले. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूमृत घोषित झालेल्या एका व्यक्तीच्या कुटुंबीयांनी अवयवदानास संमती दिली होती. हृदय अहमदाबादला गेले, यकृत भोपाळला. अशा बातम्या वाचताना आपले सारे लक्ष त्या बर्फाच्या पेटीकडे असते. ती वेळेत पोहोचली की बातमी संपते. परंतु यकृताच्या बाबतीत खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी एका तिसऱ्याच अवयवाच्या हाती असते. तो अवयव पेटीत नसतो. तो रुग्णाच्या कमरेच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, आधीपासूनच असतो.

यकृत-प्रत्यारोपण झालेला रुग्ण किती जगेल आणि कसा जगेल, हे त्याची मूत्रपिंडे शस्त्रक्रियेपूर्वी कशी होती व नंतर कशी राहिली यावर फार अवलंबून असते, हे आज कोणताही यकृततज्ज्ञ सांगेल. हे कळायला मात्र वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत फ्रेरिक्स यांनी १८६१ मध्ये आणि अमेरिकेत ऑस्टिन फ्लिंट यांनी १८६३ मध्ये एक विचित्र गोष्ट नोंदविली. यकृत कठीण झालेल्या व पोटात पाणी साठलेल्या रुग्णांची लघवी शेवटच्या दिवसांत अगदी कमी होते. पण मृत्यूनंतर मूत्रपिंडे कापून पाहावीत, तर त्यांत म्हणावा असा दोष सापडत नाही. गिरणी शाबूत, पण पीठ पडत नाही, अशी ही अवस्था. पुढे १९५६ मध्ये लंडनमधील शीला शेरलॉक आणि त्यांचे सहकारी हेकर यांनी अशा नऊ रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. लघवी थोडी, तिच्यात सोडियम जवळजवळ नाही, प्रथिने नाहीत आणि मूत्रपिंडाच्या ऊती निर्दोष. विशेष म्हणजे, दोष मूत्रपिंडात नसून रुग्णाच्या एकूण रक्ताभिसरणात असावा आणि शरीरातील रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे हे घडत असावे, असा कयास त्यांनी तेव्हाच बांधला होता. या अवस्थेला पुढे 'हेपॅटोरीनल सिंड्रोम' हे नाव रूढ झाले.

ही यंत्रणा समजून घ्यायला जबलपूरच्या वाचकांना दूर जायला नको. बडा फुहाऱ्याचे कारंजे डोळ्यांसमोर आणावे. टाकी भरलेली आहे, नळ शाबूत आहे, कारंज्याच्या तोटीत कचरा नाही. पण कमानिया गेटपासूनच्या साऱ्या गल्ल्यांतील तोट्या एकाच वेळी पूर्ण उघडल्या, तर कारंज्यापर्यंत दाबच पोहोचणार नाही. सिरोसिसमध्ये असेच काहीसे होते. यकृतातून रक्त पुढे सरकेनासे झाले की पोटातील आतड्यांभोवतीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त तेथेच रेंगाळते. शरीरात पाणी भरपूर असते, नव्हे, पोट पाण्याने फुगलेले असते. तरी धमन्यांतील दाब जाणणाऱ्या यंत्रणेला वाटते की रक्त कमी पडले. मग ती संप्रेरकांकरवी मूत्रपिंडाकडील रक्तवाहिन्या आवळते आणि मीठ-पाणी धरून ठेवण्याचा हुकूम सोडते. मूत्रपिंड आज्ञाधारक असते. ते हुकूम पाळते आणि स्वतः कोरडे पडते. रॉबर्ट श्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हे स्पष्टीकरण सिद्धान्ताच्या रूपात मांडले.

(उपमा एका जागी लंगडी पडते, हे सांगितले पाहिजे. कारंजे स्वतःची तोटी स्वतः आवळत नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत ती आतूनच आवळली जाते. १९७० मध्ये मरे एप्स्टाइन यांनी काढलेल्या क्ष-किरण चित्रांत जिवंत रुग्णाच्या मूत्रपिंडातील धमन्या पिळवटलेल्या, मणी ओवल्यासारख्या दिसत होत्या. मृत्यूनंतर त्याच धमन्यांत रंगद्रव्य सोडले तेव्हा त्या पूर्ण भरून सरळ दिसल्या.)

आता इतिहासाच्या दुसऱ्या धाग्याकडे वळू. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी मानवात पहिले यकृत-प्रत्यारोपण करण्याचा प्रयत्न केला. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता. रक्तस्राव आवरता आला नाही आणि तो शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावला. त्यानंतरचे काही रुग्णही अल्पकाळातच गेले. १९६७ मध्ये मात्र एक लहान मुलगी नव्या यकृतावर वर्षाहून अधिक काळ जगली. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमधील केंब्रिजला रॉय काल्न यांनी आपला कार्यक्रम सुरू केला. भारतही त्या काळात अगदी मागे नव्हता. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंडाचे आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये प्रफुल्लकुमार सेन यांच्या हातून हृदयाचे प्रत्यारोपण झाले होते. दोन्ही प्रयत्न अल्पजीवी ठरले. यकृताला आपल्याकडे आणखी तीस वर्षे थांबावे लागले.

मूत्रपिंड निर्दोष असते, हे सिद्ध कसे करायचे? सूक्ष्मदर्शकाने सांगितलेले पुरेसे नव्हते. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील कोपेल आणि सहकाऱ्यांनी याचे जे उत्तर दिले, ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत धाडसी वाटते. यकृताच्या विकाराने मरण पावलेल्या आणि मृत्यूपूर्वी लघवी बंद पडलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे काढून त्यांनी ती मूत्रपिंडाच्याच विकाराने ग्रस्त असलेल्या, पण यकृत चांगले असलेल्या माणसांत बसविली. ती चालू लागली! जुन्या घरात मुके पडलेले मूत्रपिंड नव्या घरात बोलू लागले. चार वर्षांनी, १९७३ मध्ये, इवात्सुकी, स्टार्झल आणि त्यांच्या गटाने याची उलट बाजू दाखविली. मूत्रपिंडांना हात न लावता केवळ यकृत बदलले, तरी हेपॅटोरीनल सिंड्रोमच्या रुग्णांची स्वतःची मूत्रपिंडे पूर्ववत होऊ शकतात. हे दोन प्रयोग एकमेकांसमोर ठेवले की विद्यार्थ्यांना कार्यकारणभाव सिद्ध करण्याची रीत शिकवायला वेगळ्या पाठाची गरज उरत नाही.

येथे प्रकरण आनंदाने संपावे, अशी अपेक्षा होती. यकृत बदला, मूत्रपिंड आपोआप सुधारेल. पण त्याच दशकात नवा पेच उभा राहिला, आणि तो औषधातून आला.

स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीला नॉर्वेच्या हार्डांगरव्हिडा पठारावरील मातीत एक बुरशी सापडली होती. तिच्यापासून मिळालेल्या पदार्थाचा प्रतिकारशक्ती दडपण्याचा गुण १९७२ च्या सुमारास बोरेल यांच्या प्रयोगशाळेत उघड झाला. हेच सायक्लोस्पोरिन. १९७८ मध्ये काल्न यांनी ते प्रथम मूत्रपिंड-प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दिले, आणि पहिल्याच अहवालात त्यांना लिहावे लागले की हे औषध परका अवयव टिकविते खरे, पण मूत्रपिंडाला विषारी ठरते. स्टार्झल यांनी मात्रा कमी करून जोडीला स्टेरॉइड दिले आणि चित्र पालटले. यकृत-प्रत्यारोपणानंतर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण पूर्वी साधारण एक तृतीयांश होते. ते सत्तर टक्क्यांच्या आसपास गेले. जून १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेने यकृत-प्रत्यारोपण आता प्रयोग नसून उपचार आहे, असा निर्वाळा दिला. मग जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील एका जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळाले. १९८९ मध्ये पिट्सबर्गला त्याचा वापर सुरू झाला आणि १९९४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज जगभर यकृताच्या रुग्णाला बहुधा तेच देतात.

ही दोन्ही औषधे मूत्रपिंडात शिरणारी बारीक धमनी आवळतात. म्हणजे सिरोसिसने जे केले होते, तेच काहीशा वेगळ्या वाटेने औषध करू लागते. आणि वर्षानुवर्षे असे चालले की तात्पुरते आकुंचन कायमच्या व्रणात बदलते. स्टॅनफर्डच्या ब्रायन मायर्स यांनी १९८४ मध्ये हृदय-प्रत्यारोपणाच्या रुग्णांत हे दाखवून दिले. त्यांची मूत्रपिंडे मुळात विशेष आजारी नव्हती, म्हणून दोष औषधाचाच हे निःसंशय ठरले.

ही किंमत किती मोठी होती, याचा हिशेब मात्र २००३ पर्यंत कोणी एकत्र मांडला नव्हता. त्या वर्षी ओजो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १९९० ते २००० या काळातील, मूत्रपिंडाखेरीज अन्य अवयवाचे प्रत्यारोपण झालेल्या ६९,३२१ रुग्णांची माहिती तपासली. यकृत मिळालेल्यांपैकी सुमारे १८ टक्के रुग्णांना पाच वर्षांच्या आत दीर्घकालीन मूत्रपिंड-निकामीपणा जडला होता. हृदयाच्या रुग्णांत हेच प्रमाण ११ टक्क्यांच्या आत होते. साऱ्या अवयवांचे मिळून पाहता, ज्यांची मूत्रपिंडे गेली त्यांना मृत्यूचा धोका इतरांच्या साडेचार पटींहून अधिक होता. कोणाला हे होते? वय जास्त, मधुमेह, रक्तदाब, हेपॅटायटिस सी, शस्त्रक्रियेनंतर लगेच मूत्रपिंडाला बसलेला धक्का. आणि सर्वांत लक्षात घेण्याजोगे म्हणजे, प्रत्यारोपणापूर्वीच घटलेली मूत्रपिंडाची क्षमता. जो आधी कोरडा पडला होता, तोच नंतर फुटला.

शस्त्रक्रियेच्या तंत्रातही मूत्रपिंडाचा विचार हळूहळू शिरला. जुने यकृत काढताना अधोमहाशीर चिमट्यात धरावी लागे. तिच्यात मूत्रपिंडांच्या शिरा येऊन मिळतात, त्यामुळे त्या तुंबत. १९८० च्या दशकात पिट्सबर्गला ते रक्त पंपाने वळवून हृदयाकडे नेण्याची सोय झाली. १९८९ मध्ये त्झाकिस यांनी महाशीर तशीच ठेवून नवे यकृत तिच्यावर बसविण्याची पद्धत वर्णन केली. तिला 'पिगीबॅक' म्हणतात. आपण पाठुंगळी म्हणावे.

आता या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त भाग येतो. यकृते थोडी, रुग्ण फार. मग आधी कोणाला? अमेरिकेत पूर्वी प्रतीक्षाकाळाला महत्त्व होते. मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी २००० मध्ये, वेगळ्याच एका उपचारानंतर कोण दगावेल हे वर्तविण्यासाठी, एक सूत्र तयार केले होते. पॅट्रिक कामत आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ते सर्वसाधारण यकृतरुग्णांनाही लागू पडते असे दाखविले, आणि फेब्रुवारी २००२ पासून तेथील यकृते याच सूत्राने वाटली जाऊ लागली. यालाच 'मेल्ड' गुणांक म्हणतात. त्यात सुरुवातीला तीनच तपासण्या होत्या: बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा आयएनआर आणि क्रिॲटिनिन. पहिल्या दोन यकृताच्या. तिसरी मूत्रपिंडाची.

विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे. सूत्रात बिलिरुबिनच्या नैसर्गिक लॉगरिदमला ३.७८ ने गुणतात, आयएनआरच्या लॉगरिदमला ११.२ ने आणि क्रिॲटिनिनच्या लॉगरिदमला ९.५७ ने. बिलिरुबिन दुप्पट झाले तर अडीच-पावणेतीन गुण वाढतात. क्रिॲटिनिन १ वरून २ झाले की साडेसहाहून अधिक! म्हणजे यकृतासाठीच्या रांगेत रुग्णाला पुढे ढकलण्यात कावीळीपेक्षा मूत्रपिंडाचा हात अधिक मोठा. हे अन्यायकारक वाटू शकते, पण आकडे तेच सांगत होते: सिरोसिसमध्ये मूत्रपिंड बिघडणे ही अंत जवळ आल्याची खूण असते.

अडचण अशी, की क्रिॲटिनिन हा काही प्रामाणिक साक्षीदार नव्हे. तो स्नायूंतून निर्माण होतो, आणि स्नायूंना लागणारे क्रिएटिन मोठ्या प्रमाणात यकृतात तयार होते. सिरोसिसच्या रुग्णाचे यकृत थकलेले, स्नायू झडलेले. त्यामुळे मूत्रपिंड अर्धे बसले तरी अहवालातला आकडा सामान्य दिसू शकतो. त्यात मॅक्स याफे यांनी १८८६ मध्ये शोधलेली पिक्रिक आम्लाची रासायनिक क्रिया अजूनही अनेक प्रयोगशाळांत वापरात आहे, आणि रक्तातील जास्त बिलिरुबिन तिच्यात अडथळा आणते. म्हणजे जितकी कावीळ गडद, तितका आकडा फसवा. यात सर्वाधिक नुकसान स्त्रियांचे झाले. त्यांचे स्नायू सरासरीने कमी, म्हणून मूत्रपिंड पुरुषाइतकेच खराब असूनही क्रिॲटिनिन कमी, म्हणून गुण कमी, म्हणून रांगेत मागे. हा दोष मान्य व्हायला वीस वर्षे लागली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २०२३ मध्ये अमेरिकेत लागू झालेल्या 'मेल्ड ३.०' मध्ये स्त्रियांना १.३३ गुण अधिक मिळतात आणि क्रिॲटिनिनची कमाल मर्यादा ४ वरून ३ वर आणली आहे. एका साध्या तपासणीवर इतके आयुष्य टांगलेले असताना तिची मर्यादा सुधारायला दोन दशके लागावीत, हे मला या इतिहासातील सर्वांत बोचणारे वाटते.

मेल्डमुळे आणखी एक परिणाम झाला. मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण पुढे येऊ लागले, आणि त्यांना यकृताबरोबर मूत्रपिंडही द्यावे काय हा प्रश्न रोजचा झाला. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला मार्गरायटर यांनी १९८३ मध्ये दोन्ही अवयव एकत्र बसविले होते, पण ती तेव्हा नवलाई होती. २००२ नंतर अमेरिकेत अशा जोडशस्त्रक्रिया झपाट्याने वाढल्या. नैतिक पेच उघड आहे. यकृत बदलल्यावर जी मूत्रपिंडे आपोआप सुधारली असती, तेथे तिसरे बसविणे म्हणजे डायलिसिसवर वर्षानुवर्षे थांबलेल्या दुसऱ्या कोणाचे तरी मूत्रपिंड वाया घालविणे. उलट, सुधारणार नव्हती तेथे न बसविणे म्हणजे यकृतही गमावण्याचा धोका. १९७३ च्या त्या आशादायक शोधाचे हे दुसरे टोक: मूत्रपिंड सुधारते, पण कोणाचे आणि किती दिवस बंद राहिल्यानंतरही? अमेरिकेने ऑगस्ट २०१७ मध्ये यावर तोडगा काढला. तीव्र बिघाडात सलग सहा आठवडे डायलिसिस लागले वा क्षमता तितकाच काळ अत्यंत खालावलेली राहिली, तरच जोडप्रत्यारोपण. इतरांना फक्त यकृत, मात्र दोन महिने ते एक वर्ष या काळात मूत्रपिंड सावरले नाही तर मूत्रपिंडाच्या रांगेत अग्रक्रम. सहा आठवड्यांची ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती माणसांनी चर्चेअंती आखली आहे.

महाराष्ट्राने हा पेच ऑगस्ट २०१२ मध्ये फार जवळून पाहिला. माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख त्या वेळी केंद्रात विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री होते. यकृत आणि मूत्रपिंडे दोन्ही निकामी झाल्याने त्यांना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयातून चेन्नईच्या ग्लोबल रुग्णालयात हलविण्यात आले. प्रत्यारोपणाचा विचार चालू होता. ते होऊ शकले नाही, आणि १४ ऑगस्ट रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या आठवड्यात मराठी वृत्तपत्रांतून 'यकृत आणि किडनी' हे दोन शब्द पहिल्यांदाच इतक्या वेळा शेजारीशेजारी छापले गेले असतील. देशाच्या विज्ञान खात्याचा मंत्रीदेखील दात्याच्या प्रतीक्षेपलीकडे जाऊ शकत नाही, हे अनेकांना तेव्हा उमगले.

भारतातील पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयात झाले. वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांनी यकृताचा भाग दिला. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली असली, तरी आपल्याकडील बहुसंख्य यकृते आजही जिवंत नातलगांकडून येतात. त्यामुळे जोडप्रत्यारोपणाचा प्रश्न आपल्याकडे वेगळे रूप घेतो. अमेरिकेत तो 'रांगेतल्या कोणाचे मूत्रपिंड' असा असतो. येथे तो 'घरातले दुसरे कोण' असा होतो. भावाने यकृताचा भाग दिला, आता पत्नीने मूत्रपिंड द्यायचे काय? ते टाळता येण्याजोगे होते काय? हा निर्णय घरातील माणसे रुग्णालयाच्या व्हरांड्यात घेतात, आणि त्यांच्या हाती तोच फसवा क्रिॲटिनिन असतो.

म्हणूनच प्रत्यारोपणापूर्वी मूत्रपिंड सावरणाऱ्या औषधांना आपल्याकडे अधिक मोल आहे. टर्लिप्रेसिन हे सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळणारे औषध युरोपात आणि भारतात वर्षानुवर्षे वापरात होते. अमेरिकेत त्याला सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ते महाग आहे. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील सरिन यांच्या गटाने २००८ मध्ये चाळीस रुग्णांवर त्याची तुलना नॉरॲड्रेनॅलिन या कितीतरी स्वस्त औषधाशी केली. चंडीगडच्या पीजीआयने २०१२ मध्ये तशीच तुलना सेहेचाळीस रुग्णांवर केली. दोन्हींत परिणाम तुल्य आढळला. नॉरॲड्रेनॅलिनसाठी अतिदक्षता विभागातील खाट लागते, आणि लहान अभ्यासांवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. तरीही गल्लीतल्या तोट्या बंद करून कारंज्याचा दाब परत आणण्याचा हा स्वस्त मार्ग भारतीय रुग्णालयांनी जगासमोर ठेवला, हे नोंदविले पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतरच्या काळातही बदल झाला आहे. टॅक्रोलिमस काही दिवस उशिरा सुरू करणे, त्याची मात्रा कमी ठेवून जोडीला मायकोफेनोलेट वा एव्हरोलिमस देणे, यांमुळे मूत्रपिंडाची क्षमता अधिक टिकते, हे २००९ आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखविले. मात्रा फार उतरविली तर शरीर यकृताला नाकारते. चढविली तर मूत्रपिंड झिजते. भोपाळला किंवा मुंबईला यकृत बसवून जबलपूरला परतलेला रुग्ण ठरावीक दिवसांनी रक्त तपासून घेतो, तेव्हा त्याच्या वहीत दोन आकडे शेजारीशेजारी लिहिलेले असतात: एक टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी, दुसरा क्रिॲटिनिन. पहिल्यावरून डॉक्टर यकृताचा अंदाज बांधतात, दुसऱ्यावरून मूत्रपिंडाचा, आणि गोळीची पुढची मात्रा त्या दोहोंमध्ये कोठेतरी ठरते.